एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने

सुटीत गावी गेले की ओट्यावर बसलेल्या नानांचा प्रश्न ठरलेला असतो. "काय शिकस तू, डाक्टरकी का वकिली?" दोन्ही नाही आणि दोन्हींच्या मधले काहीतरी, असे मी सांगते, नाना मान हलवतात आणि बोलणे कापसाच्या भावावर येते. कायद्याची पदवी घेऊन जैवनीतिशास्त्रात संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला आपला विषय अमळनेर तालुक्यातल्या एका ओट्यावर दोन वाक्यांत सांगता येऊ नये, यात दोष नानांचा नाही. त्यांना द्यायचे राहिलेले उत्तर या लेखात जरा सविस्तर देण्याचा प्रयत्न करते.

जैवनीतिशास्त्र म्हणजे बायोएथिक्स. वैद्यकाला जे करता येते ते सगळे करावे का, कुणाला विचारून करावे, आणि त्यातून कुणाचे नुकसान झाले तर ते कुणी भरून द्यावे, हे प्रश्न या शास्त्रात येतात. त्यांतल्या काहींची उत्तरे कायद्याने बांधून दिली आहेत, काहींची अर्धीमुर्धी दिली आहेत आणि काहींच्या बाबतीत कायदा अजून गप्प आहे. अवयवदान, गर्भपात, जनुकीय तपासण्या, मरणासन्न माणसाचा व्हेंटिलेटर काढणे, नव्या औषधांच्या चाचण्या असा हा पसारा मोठा आहे आणि तो सगळा इथे उलगडण्याचा माझा विचार नाही. पण या पसाऱ्यातला एक कागद जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बहुतेक घरांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. ऑपरेशनच्या आधी पुढे केला जाणारा, बारीक अक्षरांचा, "इथे, इथे आणि मागच्या पानावर" असे सांगून सह्या घेतला जाणारा तो कागद म्हणजे संमतीपत्र. माझे काम सध्या त्या एका कागदाभोवती फिरते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मावशीच्या पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन जिल्ह्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात झाले. भरतीच्या वेळी आलेला फॉर्म चार पानी होता, इंग्रजीत होता आणि ऑपरेशनचे नाव लिहिण्याची जागा त्यात कोरी होती. परिचारिकेने तो मावशीच्या हातात दिलाच नाही. "यांचे मिस्टर कुठे आहेत, सही लागेल" असे तिने मला विचारले. मावसा त्या वेळी पारोळ्याच्या बाजारात होते. ते येईपर्यंत दोन तास सगळे थांबले. माझी मावशी गावातल्या बचत गटाची सचिव आहे, गटाच्या कर्जाच्या कागदांवर तिची सही बँकेला चालते, दर महिन्याचा हिशेब तीच लिहिते. स्वतःच्या पोटाला छेद द्यायला मात्र तिची सही कुणाला पुरेशी वाटली नाही. मावसा आले, त्यांनी कोऱ्या जागेसकट सही केली, ऑपरेशन नीट झाले आणि मावशी बरी होऊन घरी आली. तक्रार करण्यासारखे काही घडलेच नाही, असे घरातले सगळे म्हणतात, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते खरेही आहे. कायद्याच्या नजरेने पाहिले तर त्या चार पानांवर सही होती, संमती नव्हती.

हा फरक कळण्यासाठी वैद्यकापासून थोडे लांब, बाजारात जावे लागते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १३ व्या कलमात संमतीची एका ओळीची व्याख्या आहे: दोन किंवा अधिक व्यक्ती एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल होतात, तेव्हा त्यांनी संमती दिली असे म्हणतात. बैलबाजारात विकणाऱ्याच्या मनात एक बैल आणि घेणाऱ्याच्या मनात दुसरा बैल असेल, तर हातावर हात मारला गेला तरी सौदा झालेला नसतो. पुढचे कलम सांगते की जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा चूक यांतून मिळवलेली संमती मुक्त संमती नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी व्यापारउदिमासाठी लिहिलेली ही ओळ दवाखान्यातल्या प्रसंगाला इतकी चपखल बसते की मी ती माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवली आहे.

फौजदारी कायद्यालाही संमतीची गरज पडते, आणि त्यामागचे कारण साधे आहे. सुरी गुंडाच्या हातात असली काय आणि शल्यविशारदाच्या हातात असली काय, कातडी दोघेही कापतात. दुसऱ्याला आपण गुन्हेगार म्हणत नाही, कारण तो रुग्णाच्या भल्यासाठी, सद्हेतूने आणि रुग्णाच्या संमतीने कापतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या २६ व्या कलमात हे संरक्षण आहे. जुन्या दंडसंहितेत ते ८८ व्या कलमात होते. २८ वे कलम असेही सांगते की माणसाने भीतीपोटी किंवा गैरसमजातून होकार दिला आहे हे समोरच्याला ठाऊक असेल, तर तो होकार संमती ठरत नाही. म्हणजे रुग्णाला काय समजले याची फिकीर करणे हा डॉक्टरांच्या सौजन्याचा भाग नाही. त्यांच्या हातातली सुरी कायदेशीर राहण्याची ती अट आहे.

या विषयाच्या प्रत्येक पुस्तकाची सुरुवात न्यूरेंबर्गपासून होते, म्हणून तेही थोडक्यात सांगते. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर केलेल्या प्रयोगांबद्दल २३ जणांवर खटला चालला आणि १९४७ च्या निकालात न्यायालयाने संशोधनाची दहा तत्त्वे घालून दिली. त्यांतले पहिलेच तत्त्व स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे आहे. १९६४ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची या विषयावरची मार्गदर्शक तत्त्वे १९८० पासून आहेत आणि त्यांची २०१७ ची आवृत्ती सध्या आधारभूत मानली जाते. इतका इतिहास पुरे. खानदेशातल्या दवाखान्याशी याहून जवळचे नाते असलेला एक निकाल आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा आहे.

दिल्लीच्या समीरा कोहली ४४ वर्षांच्या, अविवाहित. १९९५ च्या मे महिन्यात मासिक पाळीच्या त्रासासाठी त्या डॉक्टर प्रभा मनचंदा यांच्याकडे गेल्या. दुर्बिणीतून तपासणी करायची असे ठरले आणि तशा कागदावर त्यांनी सही केली. त्या भुलीखाली असताना डॉक्टरांना आत आजार दिसला. सहायक डॉक्टर बाहेर आल्या, तिथे बसलेल्या आईची संमती घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्यात आल्या. समीरा शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांना मूल होण्याची शक्यता कायमची संपलेली होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्यांची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या निकालात वेगळे मत मांडले. तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही; एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला पुरत नाही; जीव वाचवण्यासाठी ताबडतोब करणे भाग असेल तरच अपवाद. आणि रुग्ण सज्ञान आहे, समजूतदार आहे, फक्त काही वेळासाठी बेशुद्ध आहे आणि जिवाला तातडीचा धोका नाही, अशा वेळी आईच्या सहीला अर्थ नाही. तिला शुद्धीवर येऊ द्यावे आणि तिलाच विचारावे. न्यायालयाने डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. रक्कम फार तुटपुंजी होती, असे माझे मत आहे. शस्त्रक्रिया आजारासाठी आणि चांगल्या हेतूने केली होती, याला न्यायालयाने दिलेले वजन त्या आकड्यात दिसते.

हा निकाल डॉक्टरांनी काय काय सांगितले पाहिजे हेही ठरवून देतो. उपचार कोणता आणि कसा, तो कशासाठी, त्याचा फायदा काय, दुसरा पर्याय आहे का, मोठी जोखीम कोणती, आणि उपचार नाकारला तर काय होईल. क्वचितच घडणारी, रुग्णाला उगाच घाबरवणारी प्रत्येक शक्यता सांगण्याची सक्ती नाही. इथवर कुणाचे दुमत नसावे. खरी वादाची जागा पुढे आहे: "मोठी जोखीम" कोणती हे कुणाच्या नजरेने ठरवायचे?

एक उत्तर असे की डॉक्टरांच्या नजरेने. त्या क्षेत्रातला जबाबदार डॉक्टर साधारणपणे जेवढे सांगतो तेवढे सांगितले की झाले. १९५७ च्या बोलम या इंग्लंडमधल्या खटल्यातून आलेली ही कसोटी आहे आणि समीरा कोहली निकालात आपल्या न्यायालयाने साधारण हाच मार्ग धरला. दुसरे उत्तर असे की रुग्णाच्या नजरेने: त्याच्या जागी असलेल्या माणसाला निर्णय घेताना जे महत्त्वाचे वाटले असते ते सगळे सांगायला हवे. अमेरिकेतल्या एका न्यायालयाने १९७२ मध्ये हे मान्य केले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात बोलमची कसोटी या प्रश्नापुरती बाजूला ठेवली. त्या खटल्यातली आई मधुमेही आणि लहान चणीची होती. अशा बाळंतपणात बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते, पण सांगितले तर बायका सिझेरियन मागतील म्हणून डॉक्टरांनी ते तिला सांगितले नव्हते. बाळाला कायमचे अपंगत्व आले. नऊ-दहा टक्के हा आकडा डॉक्टरांना लहान वाटला, आईला तो लहान वाटला नसता.

आपल्या न्यायालयाने रुग्णाच्या नजरेची कसोटी का घेतली नाही, याची कारणे त्या निकालातच दिली आहेत. आपले बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, निरक्षर किंवा अर्धशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय शब्द समजत नाहीत, सरकारी दवाखान्यांत डॉक्टर कमी आणि रांगा मोठ्या आहेत, आणि रुग्णांचा डॉक्टरांवर अजून विश्वास आहे, असा त्या विवेचनाचा आशय आहे. रांगांचा मुद्दा मला मान्य आहे. ज्याने सिव्हिलची ओपीडी सकाळी दहा वाजता पाहिली आहे त्याला तो मान्य करावाच लागेल. न समजण्याचा मुद्दा मात्र मला पटत नाही. रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकाला हवामानावर आधारलेला पीकविमा विचारून पाहावा. कोणत्या महिन्यात, किती अंशांखाली, सलग किती दिवस तापमान गेले की किती रक्कम मिळते आणि एका दिवसाने हुकले तर काहीच का मिळत नाही, हे तो पाठ सांगतो. शक्यता, जोखीम, हप्ता आणि भरपाई हे सगळे ज्याला केळीच्या बागेत समजते, त्याला ते दवाखान्याच्या दारात समजेनासे होते, याचे कारण त्याच्या डोक्यात नसून सांगणाऱ्याच्या भाषेत आहे. साक्षरता आणि समजूत या दोन गोष्टी न्यायालयाने एकाच पिशवीत टाकल्या, असे मी नम्रपणे म्हणेन.

आता सहीच्या हक्काकडे वळू, कारण मावशीच्या प्रकरणात खरा घोळ तिथे होता. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक नियम अजूनही चालू आहेत. २०२३ मध्ये आलेले नवे नियम काही दिवसांतच स्थगित झाले. या जुन्या नियमांतल्या एका कलमाची शब्दरचना पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेपूर्वी लेखी संमती घ्यावी असे सांगताना त्यात आधी पती किंवा पत्नी येते, मग अल्पवयीनाचे पालक येतात आणि शेवटी "किंवा रुग्ण स्वतः" असे येते. नियम लिहिणाऱ्याच्या मनातली उतरंड अशी एखाद्या वाक्याच्या क्रमात उघडी पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापुढे या क्रमाला महत्त्व उरत नाही: सज्ञान आणि समजूतदार रुग्णाची संमती त्याची स्वतःची. नवऱ्याची सही सोबत घेतली तर हरकत नाही, पण ती बायकोच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा तर याहून स्पष्ट आहे. स्त्री अठरा वर्षांखालील असेल किंवा मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती लागते; एरवी फक्त तिची. नवऱ्याची सही आणल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही, असे सांगणाऱ्या दवाखान्यांना त्या कायद्यात आधार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा आणि एचआयव्ही प्रतिबंध कायदा हे दोन्ही २०१७ चे कायदे माहितीपूर्ण संमतीची अट शब्दशः घालतात. एचआयव्हीची तपासणी रुग्णाला न विचारता उरकण्याला कायद्याची मान्यता नाही.

इथे एक गुंतागुंत आहे आणि ती मला प्रामाणिकपणे मांडायला हवी. मी हे सगळे मावशीला समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "माले विचारतात, तरी मी त्यास्लेच विचारा म्हनतू." मला विचारले असते तरी मी त्यांनाच विचारा म्हटले असते. आमच्याकडे निर्णय घरात होतात. एकट्याने घेतलेला निर्णय हा अनेकांना स्वातंत्र्याऐवजी एकटेपणाचा वाटतो. आपला निर्णय विश्वासाच्या माणसावर सोपवणे हासुद्धा निर्णयच आहे आणि नीतिशास्त्रातले बरेच अभ्यासक तो मान्य करतात. पण सोपवण्यासाठी तो आधी तिच्या हातात यावा लागतो. परिचारिकेने फॉर्म मावशीला देऊन "तुम्ही सही करता, की मावसांना येऊ द्यायचे?" एवढे विचारले असते, तर मावसांच्या त्याच सहीचा अर्थ वेगळा झाला असता. रुग्ण खरोखरच बोलू शकत नसेल, तर गोष्ट वेगळी. जिवावर बेतले असेल आणि संमती घेणे शक्य नसेल, तर भारतीय न्याय संहितेचे ३० वे कलम डॉक्टरांना पुढे जाऊ देते. दोंडाईचाच्या रस्त्यावर अपघातात सापडलेल्या माणसाच्या घरच्यांचा फोन लागेपर्यंत कुणी रक्तस्राव पाहत बसू नये.

उपचारांच्या संमतीहून संशोधनाची संमती वेगळी आहे, आणि लोकांचा सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो. उपचार तुमच्यासाठी असतो. संशोधन पुढच्या रुग्णांसाठी असते. त्यात तुमचा फायदा होईलच असे नाही, कदाचित तुम्हाला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळेल, आणि कोणती मिळाली हे तुमच्या डॉक्टरांनाही माहीत नसेल. तोच पांढरा कोट, तीच खोली, तोच स्टेथोस्कोप असल्यामुळे माणूस संशोधनालाही उपचार समजतो. हा गैरसमज जगभर आढळतो आणि त्याला अभ्यासकांनी नावही दिले आहे, पण ज्या तालुक्यात तज्ज्ञ डॉक्टरची गाठ पडायलाच शंभर किलोमीटर जावे लागते, तिथे तो दुप्पट घट्ट असणार हे उघड आहे. "यात भाग घेतला नाही तरी तुमचा नेहमीचा उपचार चालू राहील" हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. ऐकणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवण्याचे दुसरे कारण नसेल तर ते वाक्य नुसते छापलेले राहते.

आश्रमशाळांच्या नंदुरबार जिल्ह्याने ज्याकडे लक्ष द्यावे असे एक प्रकरण २००९-१० मध्ये घडले. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प शाळकरी मुलींमध्ये राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, आणि ही लस आज जगभर वापरली जाते. ती वाईट आहे असा अर्थ कुणी काढू नये. प्रश्न संमतीचा होता. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात आंध्रमधल्या फॉर्मांचा हिशेब मांडला: ९,५४३ फॉर्मांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. अंगठ्यात काही गैर नाही. समजून लावलेला अंगठा न वाचता केलेल्या झोकदार सहीपेक्षा कधीही मोलाचा. पण वॉर्डन हा मुलीचा पालक नव्हे. तो तिच्या जेवणाची, झोपण्याची, हजेरीची जबाबदारी घेतो. तिच्या शरीराबद्दलचा होकार त्याच्याकडे ठेवायला दिलेला नसतो. धडगाव किंवा मोलगीच्या पाड्यावरून आईबापांना शाळेत आणणे अवघड आहे, दिवाळीनंतर तर ते ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात, हे सगळे खरे आहे. त्या अडचणीवर उतारा म्हणून मुख्याध्यापकाची सही घेणे ही सोय संशोधकाची आहे.

त्यानंतर नियम कडक झाले. १९ मार्च २०१९ ला अधिसूचित झालेल्या नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार, सहभागी व्यक्ती वाचू शकत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदार सगळी प्रक्रिया चालू असताना हजर असावा लागतो. नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधी रसायनाची, चाचणी असुरक्षित, म्हणजे सहज दबावाखाली येऊ शकणाऱ्या, गटातल्या माणसांवर होणार असेल तर माहिती देण्याचे आणि त्या माणसाला ती समजल्याचे दृकश्राव्य चित्रण करावे लागते. माहितीपत्रक आणि सही केलेल्या फॉर्मची प्रत सहभागी व्यक्तीला द्यावी लागते, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई आहे. मुलांच्या बाबतीत आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची तत्त्वे पालकांच्या संमतीखेरीज सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही मागतात. आणि जमातीच्या कारभाऱ्यांनी, पोलीस पाटलांनी किंवा ग्रामसभेने परवानगी दिली तरी एकेका माणसाला वेगळे विचारावेच लागते.

संशोधन सुरू होण्याआधी हे सगळे तपासण्याचे काम नैतिकता समितीचे. त्या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांतले निम्मे तरी, अध्यक्ष धरून, त्या संस्थेबाहेरचे. एक कायद्याचा जाणकार, एक स्त्री, एक सामाजिक क्षेत्रातली किंवा तत्सम व्यक्ती आणि एक सामान्य नागरिक हवा. माझ्यासारखीची जागा या रचनेत कायद्याच्या जाणकाराची. पण मला सगळ्यांत जास्त महत्त्वाची वाटते ती सामान्य नागरिकाची खुर्ची, कारण माहितीपत्रक कळले नाही असे बिनदिक्कत म्हणण्याची मुभा त्या खोलीत फक्त तिला असते. निवृत्त प्राध्यापक किंवा बँक मॅनेजर तिथे बसवला की हा उपयोग निम्म्याने कमी होतो. एखादी आशाताई, एखादा एसटी कंडक्टर त्या खुर्चीत का नसावा?

कंडक्टरवरून सिकलसेलचा विषय निघतो. सातपुड्यातल्या भिल, पावरा, मावची समाजांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात, सांधे दुखतात, रक्त कमी होते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे लक्ष्य ठेवलेले आहे. मोहीम गरजेची आहे, यात मला शंका नाही. पण बोटातून घेतलेल्या एका थेंबाला दिलेली संमती नेमकी कशाची असते, हे पाहिले की संमतीचा विषय किती खोल आहे ते कळते. काहींना आजार असतो. काहींना आजार नसतो, पण त्याचे एक जनुक त्यांच्याकडे असते. त्यांना सरकारी मराठीत "वाहक" म्हणतात. वाहक म्हटले की आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांसमोर खाकी कपड्यांतला, तिकिटे फाडणारा माणूस येतो, कारण प्रत्येक एसटीत तेच लिहिलेले असते. "तुम्ही वाहक आहात" असे ऐकून गोंधळलेल्या बाईला हसण्यात अर्थ नाही.

शिवाय हे रक्त तिच्या एकटीचे नसते. तिच्यात ते जनुक आहे म्हणजे आईबापांपैकी कुणात तरी आहे, भावंडांतही असू शकते. तिने हो म्हटले आणि तिच्या भावाला न विचारता त्याच्याबद्दल काहीतरी कळले. कार्डावरचा निष्कर्ष दाखवून सोयरीक जुळवावी, म्हणजे दोन वाहकांचे लग्न टळेल, असा सल्ला दिला जातो. तो सदिच्छेचाच आहे. मात्र ते कार्ड गावात कुणाकुणाच्या हातातून फिरेल, मोडलेल्या सोयरिकीचा बोल मुलाला लागेल की मुलीला, याचा अंदाज बांधायला फार विचार करावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. शिबिराच्या टेबलावर मोठ्याने नाव पुकारून निष्कर्ष सांगितला जातो, तेव्हा त्या हक्काचे काय करायचे हे शिबिराच्या आधी ठरवलेले बरे. निष्कर्ष पोहोचवणे हाही संमतीचाच भाग आहे. आश्विनात रक्त घेतले आणि अहवाल मार्गशीर्षात आला, तर तोवर घराला कुलूप असते आणि माणसे उसाच्या फडात.

माझ्या सध्याच्या कामातला मोठा भाग अशा माहितीपत्रकांच्या भाषांतराचा आहे. ते आधी मराठीत, मग अहिराणीत आणले जाते, नंतर मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत उलटे भाषांतर करून घेतले जाते आणि दोन्ही ताडून पाहिली जातात. "धोका" हा शब्द आम्ही काढला, कारण ऐकणाऱ्यांना त्यात फसवणूक ऐकू यायची. "त्रास व्हई शकस" ठेवले. सगळ्यांत जास्त दमवले ते एका अपूर्णांकाने. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. ऐकणारे हे हमखास असे समजतात की चार मुलांत एकच आजारी निघेल, आणि पहिलेच मूल आजारी निघाले तर पुढची तीन सुखरूप. माहितीपत्रकातले वाक्य अचूक होते, भाषांतरही अचूक होते, आणि तरीही दोन्ही बाजूंच्या मनात वेगवेगळे बैल होते.

म्हणून आता आम्ही सही घेण्याआधी एक पायरी घातली आहे: ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दांत आम्हाला परत सांगायचे. साक्री तालुक्यातल्या एका आशाताईंसमोर मी ते वाक्य तीनदा वाचले. दोनदा त्यांनी तोच चार मुलांचा हिशेब सांगितला. तिसऱ्या खेपेला त्या थोडा वेळ थांबल्या, हातातली पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "म्हनजे थैलीमा चार चिठ्ठ्या. एक काढी, दखी, आनि दर खेपले चारीच्या चारी परत थैलीमा." आमच्या पत्रकाच्या सुधारलेल्या मसुद्यात आता अपूर्णांक नाही, थैली आहे.